श्रमदानाचे जहाज

इतिहासाचा अभिमान आपल्याकडे उदंड आहे. इतिहासाची डागडुजी करायला मात्र माणूस मिळत नाही. किल्ल्यांबद्दल हे नेहमी बोलले जाते. जहाजांबद्दल तर तेवढेही कोणी बोलत नाही.

'विक्रांत'चेच पाहा. १९६१ मध्ये ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने पराक्रम गाजवला, १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे ती संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये तेही बंद झाले. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली आणि तिचे काही पोलाद मोटारसायकलींत उतरले. एवढ्या अवाढव्य नौकेचा खर्च सरकारला झेपला नाही, हे मान्य करू. पण तिच्यासाठी हळहळणाऱ्या आपल्यापैकी कितीजण हातात खरवडणी घेऊन उभे राहिले असते?

याउलट अमेरिकेतील 'जेरेमाया ओब्रायन' हे मालवाहू जहाज घ्या. दुसऱ्या महायुद्धात 'लिबर्टी' जातीची २,७१० जहाजे घाईघाईने बांधली गेली, त्यांतले हे १९४३ चे. युद्धानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या खाडीत ३३ वर्षे नुसते पडून होते. मग काही माणसे, त्यांत पुष्कळसे निवृत्त खलाशी, बिनपगारी कामाला लागली. त्यांनी यंत्रांवरचे वंगणाचे थर काढले, बॉयलर पेटवले आणि १९७९ मध्ये जहाज स्वतःच्या वाफेवर खाडीबाहेर आले. नॉर्मंडीच्या चढाईला ५० वर्षे झाली तेव्हा, १९९४ साली, हेच जहाज स्वयंसेवक खलाशांनिशी फ्रान्सला जाऊन परत आले. त्या खलाशांपैकी अनेकजण सत्तरीच्या घरात होते!

आणि आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी सागवानातून बांधलेली १८१७ ची 'त्रिंकोमाली'? ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे दिमाखाने उभी आहे. आपल्याकडच्या कारागिरांचे काम पाहायला आपण विलायतेला जायचे!

काही मित्र म्हणतील, जिथे पोटाची भ्रांत आहे तिथे जुन्या लाकडाचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. श्रमदानाने सारे होते असे माझेही म्हणणे नाही. गोदीचे भाडे, पत्रे, लाकूड यांना पैसा लागतोच. पण जहाज एकदा दुरुस्त करून भागत नाही. खाऱ्या पाण्याला सुट्टी नसते. दरवर्षी तळ घासावा लागतो, दरवर्षी रंग द्यावा लागतो. ही रोजची माया अनुदानातून मिळत नाही. ती माणसांनीच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, तेल पाजायचे, झापांनी शाकारून ठेवायची; हे सारे ते न वाचता जाणतात. आता फायबरच्या बोटी आल्या. ही विद्या त्यांच्या पिढीबरोबर चालली आहे, आणि आम्ही त्यांची मुले आरमाराच्या इतिहासावर टिपणे काढतो आहोत. शिकणे म्हणजे हातांना विसरणे, असा अर्थ होत असेल तर ते शिक्षण अपुरे आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण खड्डे खणतो, झाडे लावतो, फोटो काढतो. एखाद्या वर्षी किनाऱ्यावर टाकून दिलेली एक लाकडी होडी मालकाच्या संमतीने दत्तक घेऊ या. इतिहास विभागाने तिच्या भागांची नावे नोंदवावीत, मराठी विभागाने ती जपावीत, बाकीच्यांनी कापूस ठोकावा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावे. मार्गदर्शनाला पाहुणे नकोत, गावातले दोन म्हातारे सुतार पुरेत. त्या सात दिवसांपुरते प्राध्यापकांनीही त्यांना 'सर' म्हणावे, एवढीच नम्र विनंती.