घारापुरीचे बेट आणि आमच्या सहली

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरली की वर्गावर्गांतून सहलीची कुजबूज सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत एक छापील कागद मुलांच्या हाती पडतो. त्यावर ‘मुंबई दर्शन’ ह्या मथळ्याखाली दोन दिवसांत पाहावयाच्या चौदा-पंधरा स्थळांची नावे असतात. आणि त्यांच्या गर्दीत, म्हातारीचा बूट व राणीची बाग ह्यांच्या दरम्यान कोठेतरी, ‘घारापुरी लेणी, दीड तास’ अशी एक ओळ असते. ह्या एका ओळीविषयी आम्हांस काही लिहावयाचे आहे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो : घारापुरीस एक संपूर्ण दिवस द्यावा, आणि तो मिळावा म्हणून यादीतील निम्मी नावे खुशाल खोडावीत.

दीड तासाचा हिशेब करून पाहावा. साठ मुले लाँचमधून उतरविणे, धक्क्यावरून पायथ्यापर्यंत चालणे, शंभराहून अधिक पायऱ्या चढणे, वाटेतील माकडांपासून डबे वाचविणे, तिकिटे काढणे, मोजदाद करणे आणि हे सर्व उलट क्रमाने पुन्हा करणे, ह्यांत तास-सव्वा तास सहज जातो. लेण्यासाठी उरतात ती पंधरा-वीस मिनिटे. त्यांतली दहा छायाचित्रांत खर्च होतात. अमरावतीहून व अकोल्याहून रात्रभर आगगाडीत जागून, पुढे तासभर समुद्र कापून, मुलांनी काय पाहिले म्हणावे, तर एकमेकांचे चेहरे. ते तर शाळेतही दिसतातच.

वऱ्हाडातील मुलांना बेट म्हणजे काय हे भूगोलाच्या पुस्तकातून पाठ असते. चोहोंकडून पाण्याने वेढलेला भूभाग, एवढे वाक्य लिहिले की गुण मिळतात. परंतु हे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्याची पातळी पंधरा-सोळा फुटांनी वरखाली होते, आणि म्हणून बेटाचा आकार सकाळी एक व दुपारी दुसराच असतो, ही गोष्ट पाठ करून कळत नाही. सकाळी ज्या ठिकाणी लाटा खळखळत होत्या तेथे दुपारी काळा चिखल उघडा पडलेला आणि त्यात बगळे निवांत फिरत असलेले दिसले, म्हणजे भरती-ओहोटीचा धडा शिकविण्याची गरजच राहत नाही. किनाऱ्यावर तिवरांची झाडे आहेत. त्यांची श्वसनमुळे चिखलातून वर डोके काढून पेन्सिली रोवल्याप्रमाणे उभी असतात, कारण त्या चिखलात हवा नाही. हे पाहण्यास मात्र ओहोटीची वाट पाहावी लागते. समुद्र शाळेचे वेळापत्रक पाळत नाही. दररोज पन्नासएक मिनिटे उशिरा येण्याची त्याची खोड आहे.

खाऱ्या पाण्याचे दुःख आमच्या मुलांना नवे नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ज्यांची घरे आहेत, त्यांना विहीर खोदूनही गोड पाण्यासाठी वणवण करणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. अशा मुलास त्या बेटावर लेण्याशेजारी कातळात कोरलेले पाण्याचे टाके दाखवावे. भोवती नजर पोहोचेल तेथवर पाणी, आणि पिण्यास मात्र पावसाळ्यात साठविलेले. त्याला ते आम्हांपेक्षा लवकर समजेल.

तो कातळही परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याचा तो थिजलेला दगड. गाविलगडचा डोंगर त्याचाच, आणि आमची कपाशीची काळी माती ही त्याचीच झीज होय. जो दगड आमच्याकडे माती होऊन कापूस पिकवितो, तोच त्या बेटावर छिन्नीखाली आला. मुख्य लेणे लांबीरुंदीस अदमासे एकशेतीस फूट भरते. त्यातील खांब कोणी उभे केलेले नाहीत; भोवतालचा दगड काढून टाकल्यावर ते उरले आहेत. एक घाव चुकला तर तो तुकडा पुन्हा जोडण्याची सोय नव्हती. हे विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून द्यावे, आणि मग त्याला काही वेळ बोलू नये.

बोलू नये असे म्हणण्याचे कारण, त्या लेण्यात पाहण्यास डोळे सरावावे लागतात. बाहेरच्या उन्हातून आत शिरताच प्रथम अंधारच दिसतो. उत्तरेच्या दाराने आत गेल्यावर समोर, दक्षिणेच्या भिंतीत, अठरा-वीस फूट उंचीची ती त्रिमुख मूर्ती हळूहळू अंधारातून वर येते. ब्रह्मा, विष्णू व महेश अशी तिची ओळख पूर्वी करून देत असत. आज विद्वान तीन्ही मुखे शिवाचीच मानतात : मध्ये शांत, एका बाजूस उग्र, दुसऱ्या बाजूस सौम्य. ती उग्र व सौम्य मुखे आळीपाळीने पाहून पुन्हा मधल्या मुखाकडे यावे. आजूबाजूस गंगाधर, अर्धनारीश्वर, शिवपार्वतीचा विवाह, कैलास हलविणारा रावण आणि नृत्य करणारा शिव आहेत. उजेड उत्तरेकडून येतो तसाच पूर्व-पश्चिमेच्या चौकांतूनही येतो. त्यामुळे सकाळी झाकलेला चेहरा दुपारी उजळतो. एकच शिल्प सकाळी व दुपारी असे दोनदा पाहावे, आणि चित्रकलेच्या वहीत दोनदा काढावे. एवढे झाले तरी सहल सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.

हे लेणे कोणी कोरविले? येथे वऱ्हाडच्या वाचकांनी थोडे कान टवकारावेत. बेटावर राजाचे नाव सांगणारा एकही लेख आज नाही. परंतु तेथे तांब्याची लहान नाणी सापडली, व ती सहाव्या शतकातील कलचुरि राजा कृष्णराज ह्याची असावीत असे अभ्यासक सांगतात. हा राजा परमशिवभक्त. त्याच्या नाण्यांवर तसे बिरुदच आहे. आणि ह्याच कृष्णराजाची रुपेरी नाणी सापडली ती आमच्या अमरावती जिल्ह्यातील धामोरी गावी. ह्या राजवंशाचे लेख गोळा करून, वाचून व संपादून १९५५ साली ग्रंथरूपाने पुढे ठेवणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी हे नागपुरास अध्यापन करीत. म्हणजे मुंबईच्या समुद्रातील बेटाची एक किल्ली आमच्या शेतात पडली होती. ही गोष्ट सहलीच्या आधी वर्गात सांगितली, तर मुले त्या पायऱ्या निराळ्याच पावलांनी चढतील.

लेख आज नाही असे म्हटले. पूर्वी एक होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो लिहितो की, लेण्यातील एक कोरीव लेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला. तेथे तो कोणास वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. शिपायांच्या हातून मूर्ती फुटल्याचेही त्यानेच नमूद केले आहे. ते लोक ख्रिस्ती म्हणविणारे होते, हे आम्ही आमच्या मुलांपासून लपवीत नाही, आणि कोणत्याही ख्रिस्ती शिक्षकाने लपवू नये. मात्र त्याच राष्ट्राचा जुआंव दि काश्त्रु हा दर्यावर्दी १५३८-३९ च्या सफरीत येथे आला, त्याने लेण्याची मापे घेतली आणि शिल्पांचे वर्णन आदराने लिहून ठेवले. दोघेही एकाच गलबतांतून आलेले प्रवासी. एकाने दोर लावून मोजले, एकाने नेम धरला. आज भिंतीवर खिळ्याने आपले नाव खरवडणारा विद्यार्थी ह्यांपैकी कोणाच्या रांगेत उभा राहतो, ते त्याला विचारण्यासारखे आहे.

पोर्तुगिजांनी बेटास एलिफंटा नाव दिले ते तेथील दगडी हत्तीवरून. तो हत्ती १८६४ साली इंग्लंडास नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना पडून त्याचे तुकडे झाले, आणि १९१४ साली ते जोडून त्याला पुन्हा उभा करण्यात आला. आज तो भायखळ्यास, राणीच्या बागेलगत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. गंमत अशी की सहलीच्या यादीत राणीची बागही असते आणि घारापुरीही असते. पण एका ठिकाणचा हत्ती दुसऱ्या ठिकाणी का उभा आहे, हे मुलांस सांगण्यास कोणास सवड नसते. निम्मी नावे खोडताना राणीची बाग तेवढी ठेवावी, ती ह्या हत्तीसाठी.

आता पालकांच्या दोन हरकती. आमच्या मंडळीतील काही कुटुंबे विचारतात की, ख्रिस्ती शाळेने मुलांना मूर्ती पाहण्यास का न्यावे? पाहणे म्हणजे पूजणे नव्हे, एवढे उत्तर पुरेसे आहे. परंतु ज्यांस शास्त्राचा आधार हवा त्यांनी प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाचा सतरावा अध्याय उघडावा. अथेनै नगरात पौलाने तेथील लोकांच्या पूज्य वस्तू फिरून, लक्षपूर्वक पाहिल्या होत्या, आणि मगच तो बोलावयास उभा राहिला. आमच्या शाळेत बहुसंख्य मुले हिंदू घरांतून येतात, मुसलमान व बौद्ध घरांतूनही येतात. शेजाऱ्याच्या पूर्वजांनी जे उत्तम घडविले त्यासमोर डोळे मिटून घेणे, ह्यास आम्ही श्रद्धा म्हणण्यास तयार नाही.

दुसरी हरकत समुद्राची, आणि ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली व दहांहून अधिक माणसे प्राणास मुकली. मुलगा पाठवू की नको, असा प्रश्न आईच्या मनात उभा राहिला तर तिला भित्री म्हणणाऱ्याने आधी ते वृत्त वाचावे. म्हणून आमचे म्हणणे असे की प्रत्येक मुलाच्या अंगात तरंगते जाकीट घातल्याखेरीज लाँच धक्क्यावरून हलू देऊ नये. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असतील तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. आणि पावसाळ्यात तर हा बेतच करू नये. येथेही पुन्हा घाईचाच प्रश्न येतो. दीड तासात उरकावयाचे असले म्हणजे मिळेल त्या बोटीत चढावे लागते. दिवस हाती असला म्हणजे भरलेली बोट सोडून देता येते.

बेटावर माणसेही राहतात, हे बहुतेक प्रवाशांच्या गावीही नसते. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही तेथील तीन वस्त्या. तालुका उरण, जिल्हा रायगड. १९८७ साली लेणी जागतिक वारसा ठरली, जगभरचे लोक येऊ लागले. परंतु बेटावरील घरांत नियमित वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून केबल टाकल्यावर. तोवर सायंकाळचे काही तास जनित्र चाले, आणि पुढे काळोख. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असत. त्या काळोखात अभ्यास केलेल्या मुलांपैकी कोणी आज पायऱ्यांवर माळा विकीत असेल, कोणी वाटाड्या असेल. आमच्या मुलांनी त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. काकड्या व चिंचा विकत घ्याव्यात, पण भावात फार घासाघीस करू नये.

यंदाची यादी अद्याप छापखान्यात गेलेली नाही. सोमवारी लेणी बंद असतात, आणि प्रवाशांस बेटावर रात्री राहता येत नाही. तेव्हा मंगळवारी पहिल्या लाँचने जाऊन शेवटच्या लाँचने परतावे, असा बेत आम्ही शाळेपुढे मांडला आहे. ज्या पालकांस तो मान्य असेल त्यांनी संमतिपत्राच्या पाठीमागे तसे लिहून पाठवावे. ज्यांस अमान्य असेल त्यांनीही लिहावे, आणि कोणती स्थळे गाळणे त्यांस जिवावर येते तेही कळवावे.