टॅबलेटची महागडी काटकसर

बारावीचा निकाल लागतो आणि नाशिकमधल्या कितीतरी घरांत एका खरेदीचा विचार सुरू होतो. मुलगी अभियांत्रिकीला, बीसीएला किंवा वाणिज्य शाखेला जाणार असते. तिला लॅपटॉप घ्यायचा, की त्याहून स्वस्त, हलका आणि चार्जिंग जास्त टिकणारा टॅबलेट घेऊन भागवायचे? वर कीबोर्ड लावला की हाच लॅपटॉप, असे दुकानात सांगितले जाते. सरकारी योजनांमुळेही हा समज पक्का होतो. नागपूरच्या ‘महाज्योती’ संस्थेकडून इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅबलेट आणि रोजचा ६ जीबी डेटा मिळतो. विद्यार्थ्याचा संगणक म्हणजे टॅबलेट, हे समीकरण त्यातून घराघरांत रुजते. ते समीकरण चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. वाचणे, पाहणे, ऐकणे आणि ठरावीक फॉर्म भरणे एवढेच ज्यांचे काम आहे, त्यांना टॅबलेट पुरतो. ज्याला शिकून नोकरी-धंद्यात उतरायचे आहे, त्याचे एकमेव यंत्र म्हणून मात्र तो अपुरा आहे, आणि हा अपुरेपणा खरेदीच्या दिवशी दिसत नाही.

आधी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यासाठी संगणक लागत असे, अशी कितीतरी कामे आज बोटाने होतात. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका, परगावच्या नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलणे, यातल्या कशालाही लॅपटॉप उघडावा लागत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी तर लॅपटॉपवर करताच येणार नाही. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा, तर हातात मावणारे यंत्रच हवे. नाशिकमध्ये मुख्यालय असलेले, १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद बाळगते. घरकाम किंवा नोकरी सांभाळून तिथे शिकणाऱ्या विद्यार्थिनीला पुस्तक वाचायला आणि व्याख्यान ऐकायला टॅबलेटइतके सोयीचे साधन नाही. सुरगाणा, पेठसारख्या तालुक्यांत वीज गेल्यावरही तो आठ-दहा तास चालतो. शिवाय आता ताकदीचाही प्रश्न उरलेला नाही. २०२१ च्या आयपॅड प्रोमध्ये ॲपलने मॅकबुक एअरमधलीच एम-१ चिप बसवली. मग लॅपटॉपचा आग्रह ही जुनी सवय नाही का, असा हा प्रश्न आहे.

याचे उत्तर ‘दैनंदिन’ या कल्पनेतच शोधावे लागते. प्रतिपक्ष दैनंदिन कामाची यादी टॅबलेटवर आज काय काय होते यावरून करतो, आणि मग टॅबलेट सगळे करतो असा निष्कर्ष काढतो. हा चक्राकार युक्तिवाद झाला. यादी करायची तर ती यंत्राकडे न बघता करायला हवी, आणि तशी एक यादी तयार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तरुणांची आणि प्रौढांची संगणकीय कौशल्ये मोजण्याचा एक निर्देशांक आहे. त्यात फाइल किंवा फोल्डर हलवणे, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवणे, फाइल जोडून ईमेल पाठवणे, स्प्रेडशीटमध्ये साधे सूत्र लिहिणे, सादरीकरण बनवणे, नवे उपकरण जोडून चालू करणे, सॉफ्टवेअर शोधून बसवणे, एका यंत्रातून दुसऱ्यात फाइल नेणे आणि प्रोग्रॅम लिहिणे अशी कौशल्ये येतात. यात चैनीचे काहीच नाही. ही संगणकाची बाराखडी आहे. टॅबलेटवर यातली काही कामे सहज जमतात, काही जुळवून घेत जमतात. पण फाइल नेमकी कुठे आहे, तिचा प्रकार कोणता, ती कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडते, या मूलभूत गोष्टी टॅबलेट मुद्दाम नजरेआड ठेवतो. वापर सोपा व्हावा म्हणून तो तसा घडवलेला आहे. वापरणाऱ्याला ही सोय होते. शिकणाऱ्याचे मात्र त्यात नुकसान होते, कारण जे दिसतच नाही ते शिकता येत नाही.

हा फरक आपल्या आकडेवारीतही बुजून गेला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील १०.७ टक्के घरांत संगणक असल्याचे आढळले. शहरी भागात २३.४ टक्के आणि ग्रामीण भागात अवघे ४.४ टक्के. त्या मोजणीत संगणक म्हणजे डेस्कटॉप, लॅपटॉप आणि त्यांच्या जोडीला टॅबलेटही धरलेला होता. मोजणाऱ्याने दोन्ही एकाच रकान्यात टाकले की धोरण आखणाराही एकाच्या जागी दुसरे वाटून मोकळा होतो. आकडा वाढतो, क्षमता वाढली की नाही हे कळत नाही.

आता हे शिक्षण घेऊन मुले जिथे कामाला लागणार ते नाशिक पाहू. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान-मोठ्या कारखान्यांत सीएनसी यंत्रे चालतात, आणि त्यांच्यासाठी लागणारी ड्रॉइंग कॅडवर होतात. सॉलिडवर्क्स विंडोजवरच बसते. ऑटोकॅडची मोबाइल आवृत्ती आहे, पण ती मूळ प्रोग्रॅमची जागा घेत नाही. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचे किंवा पिंपळगावच्या द्राक्ष निर्यातदाराचे हिशेब टॅलीवर असतील, तर टॅलीचा मूळ प्रोग्रॅम विंडोजचा आहे. ठेकेदाराला ई-निविदा भरायची तर डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन जोडावे लागते, आणि त्याचे ड्रायव्हर प्रामुख्याने लॅपटॉप-डेस्कटॉपसाठीच केलेले असतात. डीटीपीच्या दुकानात श्रीलिपी, कोरलड्रॉ आणि पेजमेकरवर काम चालते. सरकारी नोकरीची वाटही इथूनच जाते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द लागतो, आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा संगणकाच्या कीबोर्डवर द्यावी लागते. काचेवर अंगठ्याने लिहिण्याचा कितीही सराव असला, तरी तो तिथे कामी येत नाही. इतकेच काय, ज्या जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट दिला जातो, त्या परीक्षाही केंद्रावरच्या संगणकासमोर बसून, माउस हाताळत द्याव्या लागतात.

यावर पहिला आक्षेप कीबोर्डचा. टॅबलेटला कीबोर्ड आणि माउस जोडता येतात, मग फरक काय उरला? फरक प्रणालीचा उरतो. एम-१ चिपचेच उदाहरण इथे प्रतिपक्षाच्या विरोधात जाते. चिप तीच असताना एकावर पूर्ण काम होते आणि दुसऱ्यावर होत नाही, याचा अर्थ अडचण ताकदीची नसून परवानगीची आहे. टॅबलेटवर काय बसवता येईल, हे मुख्यतः प्रणाली बनवणारी कंपनी ठरवते. ॲपलच्या उपकरणांसाठी ॲप बनवण्याचे मुख्य साधन, एक्सकोड, फक्त मॅकवर चालते. अँड्रॉइडची ॲप ज्यावर बनतात तो अँड्रॉइड स्टुडिओ विंडोज, मॅक आणि लिनक्सवर बसतो. अँड्रॉइड टॅबलेटवर बसत नाही. म्हणजे टॅबलेट बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा टॅबलेटसाठीचे काम लॅपटॉपवरच होईल असे धरून चालल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये सरफेस प्रो ३ ची जाहिरात लॅपटॉपची जागा घेणारा टॅबलेट अशी केली आणि तो दावा बराचसा खरा ठरला, पण त्यात पूर्ण विंडोज होते. कीबोर्ड वेगळा काढता येणारा तो लॅपटॉपच होता. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये सुट्या खिडक्या आणि मेनूपट्टी आली, ही मोठी सुधारणा आहे. मात्र टॅबलेट जितका सुधारतो तितका तो लॅपटॉपसारखा होत जातो, ही गोष्ट माझ्याच बाजूने साक्ष देते.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे ब्राउझरमध्ये आणि क्लाउडवर आले आहे. प्रोग्रॅम बसवायची गरजच काय? हे अर्धे खरे आहे. पण क्लाउड म्हणजे अखंड नेटवर्क, आणि त्र्यंबकेश्वर-पेठच्या डोंगराळ भागात ते गृहीत धरणे अन्यायाचे आहे. शिवाय ब्राउझरमधली कामेही मोठा पडदा, नेमका कर्सर आणि दोन-तीन खिडक्या एकाच वेळी मागतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना एका बाजूला उत्पन्नाचा दाखला, दुसऱ्या बाजूला गुणपत्रिका, मर्यादेत बसवायची पीडीएफ आणि मध्येच तुटणारे सत्र, हे सगळे सांभाळताना टॅबलेटधारक विद्यार्थी कंटाळून सेतू केंद्राची किंवा सायबर कॅफेची वाट धरतो. घरात यंत्र असून काम बाहेर पैसे देऊन करून घ्यावे लागले, तर त्या यंत्राने जागा घेतली असे म्हणता येत नाही.

तिसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. गूगलने २०१७ मध्ये मराठीत आवाजी टंकलेखन आणले. आता बोलले की लिहून मिळते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मसुदाही करून देतात. मग टायपिंगचा आणि मोठ्या पडद्याचा बाऊ कशाला? कीबोर्ड न शिकलेल्या लाखो मराठी माणसांना या सोयीने लिहिते केले, आणि तिचे मोल मोठे आहे. पण बोलून मिळतो तो पहिला खर्डा. शब्द दुरुस्त करणे, परिच्छेद हलवणे, आकडे मूळ कागदाशी ताडून पाहणे, तयार मसुद्यातली चूक पकडणे, हे काम त्यानंतर सुरू होते. मसुदा यंत्राने केला तर तपासणीची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. आणि तपासणीला मूळ आणि नक्कल शेजारी-शेजारी दिसावी लागतात, ओळीत नेमके शिरता यावे लागते. उद्याच्या कामात माणसाचा वाटा तपासण्याचा आणि घडवण्याचा असेल, तर त्या कामाचे यंत्र त्याच्या हातात असणे आजच्यापेक्षा अधिक गरजेचे होईल.

राहिला पैशाचा आक्षेप, आणि मध्यमवर्गीय व शेतकरी कुटुंबांसाठी तोच निर्णायक असतो. स्वस्त टॅबलेट लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी किमतीत येतो, हे खरे. पण लॅपटॉपची जागा घेऊ शकेल असा टॅबलेट स्वस्त नसतो. ॲपलच्या सर्वांत साध्या आयपॅडसाठी त्याच कंपनीचा कीबोर्ड घेतला, तर तो आयपॅडच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रकमेला पडतो. दोन्हींच्या बेरजेत चांगला लॅपटॉप येतो. स्वस्त टॅबलेटचे काय होते, याचा धडा देशाने ‘आकाश’मध्ये घेतलेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी गाजावाजाने आलेले हे यंत्र संथ प्रोसेसर आणि कमी मेमरीमुळे विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले नाही. पुढच्या वर्षीच्या आकाश-२ ची जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली, तेव्हा तिथल्या मंडळींनी त्यावर सी, पायथन आणि सायलॅबमध्ये काम करण्याची सोय आणण्याची खटपट केली. नुसते वाचायचे यंत्र देऊन भागत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. टिकाऊपणाचा हिशेबही मांडावा लागतो. बहुतेक लॅपटॉपची बॅटरी, कीबोर्ड, डिस्क आणि पुष्कळदा मेमरी बदलता येते. चिकटवून बंद केलेल्या टॅबलेटची दुरुस्ती अवघड आणि खर्चिक असते. ज्याची ऐपत नव्या लॅपटॉपची नाही, त्याने कार्यालयांतून बाहेर पडलेला, तपासून घेतलेला जुना लॅपटॉप पाहावा. विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून विंडोज ११ चालणारे यंत्र निवडावे, नाहीतर लिनक्स बसवावे. आज टॅबलेट घेऊन दुसऱ्या वर्षी पुन्हा लॅपटॉपसाठी पैसे उभे करणे, ही काटकसर कुटुंबाला महागात पडते.

यावरून निष्कर्ष सरळ निघतो. निवृत्त माणसे, घरून वाचन आणि व्यवहार करणारी माणसे, बांधावर नोंदी करणारा शेतकरी, स्पर्धा परीक्षेची व्याख्याने ऐकणारा विद्यार्थी, यांनी टॅबलेट जरूर घ्यावा. त्यांच्यावर लॅपटॉप लादण्याचे कारण नाही. पदवीच्या वाटेवरच्या मुलाला मात्र एकच यंत्र घेता येत असेल, तर ते लॅपटॉपच असावे. शासनानेही हाच विवेक दाखवावा. महाज्योतीचा टॅबलेट प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी योग्य आहे. पण तीच विद्यार्थिनी अभियांत्रिकीला पोहोचते तेव्हा पहिल्याच वर्षी तिच्यासमोर प्रोग्रॅमिंग येते, आणि नेमक्या त्या वळणावर तिच्या हातातले साधन कमी पडते. ज्या घरात ती कॉलेजात जाणारी पहिलीच आहे, तिथे मोठ्या भावाचा किंवा वडिलांचा लॅपटॉप उसना मिळत नाही. तमिळनाडूने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले. ते राज्य जे करू शकले ते महाराष्ट्राला अशक्य नाही. प्रवेश निश्चित होताच टॅबलेट परत घेऊन लॅपटॉप द्यावा आणि तो टॅबलेट पुढच्या वर्षीच्या मुलाला द्यावा. गणनेत दोन्ही यंत्रांचे रकाने वेगळे करावेत. वंचित घरातल्या मुलांना आपण इतरांनी बनवलेले पाहण्यापुरते साधन देणार, की स्वतः काही बनवण्याचे, हा या निवडीतला खरा प्रश्न आहे; आणि समतेचे नाव घेणाऱ्या राज्याने त्याचे उत्तर लॅपटॉपच्या बाजूने द्यायला हवे.