देवमासा आणि चार पानांचा नेचा

देवमासा समुद्रात राहतो. आपल्या पोंभुर्ण्यापासून तो समुद्र कित्येक कोस दूर. मार्सिलिया नावाचा नेचा मात्र आपल्या धानाच्या बांधीत आणि तलावाच्या काठी वाढतो. एका देठावर चार पाने, हीच त्याची ओळख. या दोघांची तुलना ती काय करावयाची, असे कोणी विचारील. माझ्या मते ती अवश्य करावी.

देवमासा हा मासा नव्हे. त्याचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर चार पायांनी चालत असत. पुढे तो वंश समुद्रवासी झाला आणि मागचे पायही गेले. परंतु श्वास हवेचाच राहिला. स्पर्म जातीचा देवमासा तासाभराहून अधिक काळ श्वास रोखून धरतो. तरीही जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर तो पाण्यातच गुदमरतो.

नेच्याची गोष्ट याच्या उलट आहे. त्याच्या पूर्वजांनी पाणी सोडून जमीन धरली. परंतु त्याची पुंबीजे आजही पाण्यातून पोहत स्त्रीबीजाकडे जातात. पाणी आटले म्हणजे मार्सिलिया आपले बीजाणू मुगाएवढ्या कठीण पेटीत जपून ठेवतो. ती पेटी सुक्या मातीत कित्येक वर्षे टिकते. मात्र पाणी मिळाल्यावाचून तिच्यातून नवा नेचा जन्मत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तग धरणे निराळे आणि गरज नसणे निराळे. जो मुकाट्याने सोसतो, त्याला काही नको, असे आपण फार लवकर ठरवून टाकतो. आपल्या मामा तलावांविषयी हीच चूक होत आहे. मालगुजारी १९५१ साली संपली, तलाव मागे राहिले. उन्हाळ्यात कोरडा पडलेला तलाव कित्येकांस पडीक जागा वाटते. मग कोणी तेथे माती टाकतो, कोणी बांधी काढतो. पण त्या भेगाळलेल्या गाळात नेच्याच्या पेट्या पावसाची वाट पाहत असतात. आणि त्याच पाण्याची वाट खालची धानशेतीही पाहत असते.

देवमाशाचा समुद्र राखणे आपल्या हाती थोडेच आहे. गावचा तलाव राखणे मात्र खचित आहे. पालकांनी त्यातील गाळ काढण्यास हातभार लावावा, मुलांनी त्यात कचरा टाकू नये, आणि कोरड्या तलावास कोणीही रिकामी जागा म्हणू नये.