जोडधंदा करा, पण झहीरसारखा

"सर, किराण्यासोबत मोबाइल ॲक्सेसरीज पण ठेवू का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच. माझं मत आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानवरून सांगतो.

झहीर म्हणजे डावखुरा फास्ट बॉलर. कसोटीत ३११ विकेट, वनडेत २८२. पण बॅटही चालायची. डिसेंबर २००० मध्ये जोधपूरला झिम्बाब्वेच्या ओलोंगाला त्याने शेवटच्या ओव्हरमध्ये सलग चार सिक्स मारले. २००४ ला ढाक्यात अकराव्या नंबरवर येऊन ७५ काढले, सचिनसोबत १३३ ची पार्टनरशिप केली. अकराव्या नंबरवरचा तो तेव्हाचा कसोटीतला जागतिक विक्रम होता.

आता गंमत बघा. सिक्स सगळ्यांच्या लक्षात राहिले, पण जोधपूरची ती मॅच आपण एका विकेटने हरलो. आणि पुढे भारतीय संघातली जागा गेली, तेव्हा झहीर परत आला तो बॉलिंगच्या जोरावर. २००६ मध्ये इंग्लंडला वूस्टरशायरकडून खेळला, सीझनमध्ये ७८ विकेट काढल्या. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये २१ विकेट घेऊन आफ्रिदीसोबत पहिल्या नंबरवर राहिला.

तुम्ही म्हणाल, जपानचा शोहेई ओहतानी बेसबॉलमध्ये बॉलही टाकतो आणि होम रनही मारतो! बरोबर. कोपराच्या ऑपरेशनमुळे २०२४ च्या सीझनमध्ये त्याला बॉल टाकता आला नाही, तरी त्याने ५४ होम रन मारले. जोडधंद्याची ताकद ती हीच. पण असे खेळाडू किती? शिवाय त्याच्यामागे कोट्यवधी डॉलरचा क्लब आहे. तुमच्यामागे बचत गटाचं कर्ज आणि घरच्यांचा विश्वास आहे. तो पणाला लावताना दहादा विचार करा.

म्हणून नवीन माल भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, किराण्याच्या मालाचे पैसे त्यात अडकणार नाहीत ना? दोन, घेणारं गिऱ्हाईक तेच आहे ना, जे आधीच दुकानात येतं? तीन, दोन्हींचा हिशोब वेगळ्या वहीत लिहिणार ना? एकाही प्रश्नाला उत्तर 'नाही' आलं, तर थांबा.

झहीर बॅट घेऊन उतरायचा ते त्याची पाळी आल्यावर. त्यासाठी त्याने एकही ओव्हर सोडली नाही. तुमची ओव्हर कोणती, ते आधी ठरवा आणि कमेंटमध्ये लिहा.