चुन्याची डबी

महालक्ष्म्यांना मुलगा, सूनबाई आणि नातू पुण्याहून आष्टीला आले होते. पहिल्याच रात्री डासांनी नातवाचे पाय फोडून काढले. दुसऱ्या दिवशी ओसरीत खेळताना त्याला गांधीलमाशी चावली. पोरानं घर डोक्यावर घेतलं! सौ. चुन्याची डबी घेऊन धावली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लोखंड घासा." सूनबाई हळूच म्हणाली, "आई, चुना नको. आधी बर्फ लावू या."

जन्मभर पेपर तपासले, म्हणून निकाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. मार्क मी सूनबाईला दिले.

ओल्या चुन्यानं लहान मुलाची कातडी भाजते. लोखंडात औषध नाही. असलाच तर त्याचा गारवा. मग गारवाच हवा तर जागा साबणानं धुवावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरावा. मधमाशी असेल तर तिचा काटा आधी लगेच काढावा. डासाच्या लाळेशी आपलं शरीर भांडतं, त्यातून खाज सुटते. खाजवलं की ती वाढते आणि नखातल्या घाणीनं जागा पिकते. म्हणून मुलांची नखं कापावीत. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून दहा मिनिटं लावून धुतला, किंवा कॅलामाइन लावलं, तरी बरं वाटतं.

एवढ्या साध्या गोष्टीवर लिहायचं कारण वेगळं आहे. मी तिसरी-चौथीत असताना आमच्या सालगड्याला कडब्याच्या गंजीत विंचू चावला. त्यालाही आधी चुनाच लावला. मग मांत्रिक आला, रात्रभर उतारा चालला. सगळे मनापासून झटत होते. पहाटे तो गेला. त्याचा घामानं भिजलेला सदरा मला अजून दिसतो.

पुढे आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडजवळ विंचूदंशाचे रोगी वर्षानुवर्षं तपासले. लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वेळेवर दिलं तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या सालगड्याला मात्र हे फार उशिरा झालं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आजीचा बटवा टाकून देऊ नका, पण त्याची हद्द ओळखा. घरचा उपाय खाजेसाठी असतो, विषासाठी नाही. विंचू चावला तर काही लावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. माशी चावल्यावर ओठ-तोंड सुजलं, धाप लागली, अंगभर गांधी उठल्या, भोवळ आली तरी तेच. चावल्यानंतर काही दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांना ती चावलेली जागा आवर्जून दाखवा.

नातू अर्ध्या तासात पुन्हा ओसरीत खेळायला लागला. सौ. थोडी रुसली होती. पण संध्याकाळी तिनंच चुन्याची डबी परत पानाच्या डब्यात ठेवली. म्हणाली, "तिची जागा तिथंच बरी."