काढता-घालता येणारा मडफ्लॅप हाच खरा टिकाऊ

शेतातून बाहेर पडणारी जीप किंवा ट्रॉली रिकामी दिसली, तरी ती पुरती रिकामी नसते. तिच्या टायरांच्या खाचांत शेतातील चिकण माती भरलेली असते. वाटेवरचा मुरूम आणि बारीक खडेही त्यात अडकलेले असतात. गाडी शेतरस्त्याने हळू चालते, तोवर हे ओझे चाकाला चिकटून राहते. डांबरी रस्ता लागला आणि वेग वाढला की ते सुटू लागते व मागून येणाऱ्याच्या अंगावर जाते. मागून येणारा बहुधा दुचाकीवर असतो आणि पुष्कळदा त्याच गावचा असतो. दुधाचे कॅन घेऊन डेअरीकडे निघालेला शेजारी असेल, सायकलवरून शाळेस जाणारी मुलगी असेल. डोळ्यांवर आलेला चिखलाचा एक शिंतोडा किंवा कपाळावर बसलेला एक खडा अशा माणसाचा तोल जाण्यास पुरेसा होतो.

यावरील उपाय लहान व स्वस्त आहे. चाकामागे लोंबणारा रबरी पट्टा, ज्यास गॅरेजात मडफ्लॅप म्हणतात, तो हा उपाय होय. तो कोणास ठाऊक नाही असे नाही. तरीही शेतात जा-ये करणाऱ्या अनेक गाड्यांच्या मागे तो आढळत नाही. वाकलेली लोखंडी पट्टी आणि बोल्टची दोन रिकामी भोके एवढीच त्याची खूण उरलेली असते. याचा सगळा दोष मालकाच्या हयगयीवर टाकणे न्याय्य होणार नाही. खरा दोष पट्टा बसविण्याच्या रीतीत आहे. शेतात जाणाऱ्या गाडीस पक्का ठोकलेला पट्टा टिकत नाही. काढता-घालता येणारा पट्टाच टिकतो.

रस्त्याची गरज निराळी, शेताची निराळी

चाक फिरू लागले की त्यावरील मातीस बाहेरच्या बाजूस ओढ लागते. ही ओढ वेगाबरोबर साध्या प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट झाल्यास ती चौपट आणि तिप्पट झाल्यास नऊपट होते. ताशी १० किलोमीटर वेगाने जाताना चिकटून राहिलेले ढेकूळ ताशी ३० किलोमीटर वेगास का सुटते, याचे कारण यात आहे. चाकाचा मागील भाग जमिनीवरून वर चढत असल्यामुळे तेथे सुटलेली माती मागे व वर फेकली जाते. तिला अडवावयाचे तर पट्टा जमिनीच्या पुष्कळ जवळ आला पाहिजे. तो वर राहिला, तर खडे त्याच्या खालून सहज निसटतात. तो चाकाच्या जितका जवळ असेल, तितका अधिक खाली यावा लागतो.

शेतातील स्थिती याच्या उलट आहे. शेणखत उतरविण्यासाठी गाडी मागे घेतली की लांब पट्टा बांध आणि चाक यांच्यामध्ये सापडतो. ओढ्याची दरड चढताना तोच प्रथम जमिनीस घासतो. काळ्या जमिनीच्या चिखलात तो रुततो, आणि गाडी मागे येताच चाक त्यावर चढून तो मुळापासून उपटते. कोकणात भातखाचराच्या कडेस जाणाऱ्या गाडीचीही हीच गत होते. एकदोनदा असे घडले की मालक पट्टा निम्मा कापून टाकतो. आखूड पट्टा शेतात वाचतो खरा, परंतु रस्त्यावर त्याचा उपयोग राहत नाही. दोन विरुद्ध गरजा एकाच पक्क्या पट्ट्याने भागविण्याचा हट्ट धरल्यामुळे शेवटी एकही भागत नाही.

ही गोष्ट शेतकऱ्यास नवी वाटण्याचे कारण नाही. जुवातील शिवळ कायमची ठोकून ठेवली, तर बैल सोडणार कसा? ट्रॉलीचा मागचा फाळका उघडता येत नसता, तर माल उतरविणार कसा? जे काम आहे तेव्हा घालावे आणि नाही तेव्हा काढावे, हा शेतीच्या अवजारांचा जुनाच नियम आहे. जीपही त्याच नियमाने घडलेली गाडी आहे. १९४१ पासून युद्धासाठी ती मोठ्या संख्येने तयार होऊ लागली, तेव्हा तिची पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई आणि वरचे कॅनव्हासचे छतही काढून ठेवता येई. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यानंतर विकासगटांच्या कामासाठी हीच गाडी खेडोपाडी हिंडू लागली. अशा गाडीस पट्टाही काढघालीचा असणे हे तिच्या स्वभावास धरूनच आहे.

पट्टा कसा करावा

पट्ट्यासाठी खडी फोडण्याच्या यंत्रावरील जुना वाहकपट्टा, म्हणजे कन्व्हेयर बेल्ट, सर्वांत चांगला. त्याच्या रबरात कापडाचे थर असल्यामुळे बोल्टच्या भोकापाशी तो सहसा फाटत नाही. ८ ते १० मिलिमीटर जाडीचा पट्टा वाऱ्याने फारसा फडफडत नाही. टायरची ट्यूब फार मऊ पडते. पत्रा तर मुळीच वापरू नये. तो वाकून टायरला घासतो, आणि सुटून रस्त्यावर पडल्यास खड्यापेक्षाही घातक ठरतो.

पट्ट्याची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर अधिक ठेवावी. ६.००-१६ मापाचा टायर सुमारे १५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यास २० सेंटिमीटरचा पट्टा पुरतो. ट्रॉलीच्या ७.५०-१६ मापाच्या टायरची रुंदी सुमारे १९ सेंटिमीटर असते. त्यास २४ सेंटिमीटरचा पट्टा घ्यावा. पट्टा टायरपासून निदान १० सेंटिमीटर दूर असावा. त्याची खालची कड जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर यावी. ट्रॉलीच्या बाबतीत हे माप ती भरलेली असताना घ्यावे, कारण भाराने ती खाली बसते आणि रिकामी असताना घेतलेले माप चुकते.

जोडणी गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होण्याजोगी आहे. पट्ट्याच्या वरच्या कडेस एका बाजूने ४० × ४० × ५ मिलिमीटरचा लोखंडी अँगल आणि दुसऱ्या बाजूने तेवढ्याच रुंदीची सपाट पट्टी लावावी. मध्ये रबर दाबून तीन बोल्ट व लॉक नट आवळावेत. अँगलच्या आडव्या बाजूस १८ मिलिमीटरची दोन भोके पाडावीत. गाडीच्या बाजूस एक मजबूत कंस बसवून त्यावर १६ मिलिमीटर सळईचे दोन खुंट उभे जोडावेत. अँगल वरून या खुंटांवर ठेवावा आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्याजवळील आरपार भोकात लिंचपिन घालावी. अशा रचनेत पट्ट्याचा भार खुंटांच्या कंसावर राहतो. धक्क्याने तो वर उचलला जाऊ नये, एवढेच पिनेचे काम उरते. पिन बारीक साखळीने कंसास बांधून ठेवल्यास ती हरवत नाही.

येथे काही खबरदारी अवश्य घ्यावी. गाडीच्या मुख्य चासीस नवे भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये. त्याने चासी दुबळी होते. कंस बसविण्यासाठी बंपरची किंवा हौद्याची मूळची भोके उपयोगात आणावीत. कंसाचे वेल्डिंग गाडीपासून दूर करून मगच तो बोल्टने बसवावा. म्हणजे इंधनाच्या टाकीस व बॅटरीस धोका राहत नाही. पट्टा सायलेन्सरच्या नळीजवळ नसावा. त्याने मागचा दिवा, क्रमांकाची पाटी किंवा परावर्तक झाकले जाऊ नयेत. पट्ट्याच्या खालच्या कडेस वजनासाठी लोखंड लावण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे.

घेतले जाणारे आक्षेप

रोज पट्टा काढण्या-घालण्यास वेळ कोणाला आहे, हा पहिला आक्षेप. दोन पिना ओढून पट्टा उचलणे हे ट्रॉली जोडण्यापेक्षा सोपे काम आहे. शेताच्या वाटेवर वळताना पट्टे काढावेत आणि परत डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी घालावेत. खरा प्रश्न वेळेचा नसून आठवणीचा आहे. त्यावर तोड अशी की, काढलेले पट्टे अडकविण्यासाठी ट्रॉलीच्या पुढच्या फाळक्यावर, चालकाने मागे वळून पाहताच नजरेस पडेल अशा जागी, दोन आकडे लावावेत. पट्टे आकड्यावर दिसले, की ते चाकामागे नाहीत हे आपोआप कळते.

काढता येणारी वस्तू चोरीस जाते, हा दुसरा आक्षेप. जुन्या वाहकपट्ट्याच्या तुकड्यास बाजारात फारशी किंमत नाही. तरीही शंका असल्यास रात्री पट्टे काढून घरात ठेवावेत. ही सोय पक्क्या पट्ट्यात नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. पट्टा काढता आला, तर चालक तो काढील आणि पुन्हा घालणार नाही, असे म्हटले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु पक्का पट्टा एका पावसाळ्यात तुटून जातो आणि त्यानंतर तो परत घालण्याचा प्रश्नच उरत नाही. काढून ठेवलेला पट्टा निदान शाबूत असतो. विसरलेली सवय पुन्हा लावता येते. शेताच्या चिखलात गाडला गेलेला पट्टा मात्र परत येत नाही.

पट्ट्याने काय होणार नाही

पट्टा लावला म्हणजे सगळे कर्तव्य संपले, असा समज करून घेऊ नये. टायरवरून रस्त्यावर पडणारी मोठी ढेकळे तो अडवीत नाही. ओल्या काळ्या मातीचा थर डांबरावर पसरला म्हणजे दुचाकी घसरण्यास वेळ लागत नाही. म्हणून रस्त्यावर येण्यापूर्वी शेताच्या तोंडाशी थांबून खोऱ्याने किंवा खुरप्याने चाके खरवडावीत. पुष्कळ माती रस्त्यावर सांडलीच, तर ती ओढून बाजूस करावी. पहिले काही अंतर गाडी हळू चालवावी. चाके खरवडणे, पट्टा घालणे आणि वेग आवरणे ही तीन कामे एकमेकांस पूरक आहेत. त्यांपैकी एक केले म्हणून दुसरे टाळता येत नाही.

कार्यकर्त्यांनी आरंभ करावा

अशा गोष्टी केवळ सांगून रुजत नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने पट्ट्यांचा एक जोड गावातील वेल्डिंगवाल्याकडून करवून घ्यावा आणि तो रोज रस्त्यावर धावणाऱ्या एखाद्या ट्रॉलीस बसवून दाखवावा. ज्या कार्यालयाच्या जीपने शेतांना भेटी दिल्या जातात, त्या जीपला पट्टे नसतील, तर शेतकऱ्यास उपदेश करण्याचा अधिकार त्या कार्यालयास पोचत नाही. ऊसवाहतुकीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉल्यांची डागडुजी होतच असते. त्याच वेळी कंस व खुंट बसवून घेतल्यास वेगळा खेप-खर्च पडत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना सरावासाठी हे काम देण्याजोगे आहे.

शेतीचा रस्ता आणि गावाचा रस्ता शेवटी एकाच ठिकाणी मिळतात. शेतातील माती ही शेतकऱ्याची दौलत आहे. ती त्याच्या शेतातच राहावी, दुसऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये. आज ट्रॉलीवर बसलेला शेतकरी उद्या दुचाकीवरून दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे असतो. त्या दिवशी पुढच्या चाकामागे पट्टा असावा असे त्यास वाटत असेल, तर आज तो आपल्या गाडीस बसविणे हेच योग्य होय.