थंडीचं टॉनिक आधी घरात, मग बाजारात

पिकतं तिथं विकत नाही, अशी म्हण आहे. आपल्या शहापूर-मुरबाड भागात थंडी पडली की उलटंच दिसतं. पिकतं तिथं खाल्लं जात नाही! मेथी, लाल माठ, मुळा, आवळे भरलेल्या टोपल्या पहाटेच्या लोकलनं ठाण्याला उतरतात, स्टेशनच्या पूर्वेला कोपरीत विकल्या जातात. परतीच्या गाडीला त्याच टोपलीत बिस्किटांचे पुडे नि खोकल्याची बाटली असते.

विकू नका, असं सांगणं नाही. पैशाची नड कोणाला नाही? पण टोपलीतल्या दोन जुड्या घरी ठेवल्यानं कोणी कर्जबाजारी होत नाही. कोपरी हेही एकेकाळी खाडीकाठचं गावच होतं. आज तिथल्या माणसाला कोथिंबिरीची काडीही विकत घ्यावी लागते. आपल्या दारात अजून माती आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

नाचणीचंच घ्या. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गिरणीतून पांढराशुभ्र करून आणलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरतं. नाचणीला कीड सहसा लागत नाही, कणगीत ती वर्षानुवर्षं टिकते. तरीही वरकस जमिनीवरची नाचणी आपण कमी करत आणली आणि पोरांना सकाळी चहा-बिस्किट देऊ लागलो. त्याऐवजी नाचणीची आंबील किंवा भाकरी, वर तिळाची चटणी द्या. खर्च कमी, पोट भरलेलं.

भातकापणीनंतर उरलेल्या ओलाव्यावर वाल येतो. मोड आणून केलेलं बिरडं म्हणजे घरचं प्रथिन. त्यावर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. आवळा मुरंब्यापेक्षा ताजा बरा. शेंगा विका, पण शेवग्याचा पाला टाकू नका. मुळ्याचा पालाही भाजीचाच आहे.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती. अंगणवाडी आणि शाळेच्या आवारात नळाचं सांडपाणी वाहून जातं. तिथं चार वाफे पाडा. मेथी महिन्याभरात हाती येते. शेवग्याची फांदी आणि पपईचं रोप बांधाला लावा. ग्रामसभेत पाच मिनिटं हा विषय घ्या. मोठा निधी लागत नाही.

मात्र खाण्यानं अंगात ताकद येते, प्रत्येक आजार बरा होत नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर काढ्यावर विसंबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या, तपासणी मोफत आहे. लहान मुलाला धाप लागली तर एक दिवसही थांबू नका. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. तो धूर आणि न दिसणारा वायू झोपेतच जीव घेतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाण्यासाठी आपण चांगलं कणीस आधी बाजूला काढतो, मग बाकीचं विकतो. घरातल्या पोरांसाठीही तोच नियम लावा. पहिली जुडी चुलीजवळ, बाकीची कोपरीच्या बाजारात.